शेवटच्या बाकाची ओढाताण

आमच्या चर्चमध्ये दाराजवळचा शेवटचा बाक माझा. तसं कुणी लिहून दिलेलं नाही, पण लग्न होऊन शहरात आले तेव्हापासून मी तिथंच बसते. कारण नम्रतेचं नाही, भीतीचं आहे. आमच्याकडं पद्धत अशी, की पहिल्या बाकावर जो बसेल त्याच्या हातात पाळकसाहेब माईक देतात आणि शास्त्र वाचायला लावतात. माझी शाळा चौथीपर्यंत. घरी बोट ठेवून वाचते मी, पण माईकवर? नको रे देवा.

एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी बसू नका, खालची जागा धरा. उपदेश सगळ्यांना फारच लागला. पुढच्या रविवारी जाते तर काय, मागचे तीन बाक नम्र माणसांनी गच्च भरलेले. लग्नात ज्यांना स्टेजसमोरचा सोफाच लागतो, ते चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातले काका माझ्या कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले.

"काका, तुम्ही पुढं बसा ना," मी हळूच म्हणाले.

"नाय बाई, आपली लायकी मागंच," असं म्हणून ते आणखी ऐसपैस झाले.

त्या दिवशी मी खांबाआड बसून वेळ निभावली. पण नंतर मीही हट्टाला पेटले. अर्धा तास आधी जायचं आणि एसटीत जागा धरतात तसा खिडकीतून बाकावर रुमाल टाकायचा. आमचे हे विचारायचे, "देवाला भेटायला चाललीस का सीट धरायला?"

"दोन्हीला," मी म्हणायचे.

महिनाभर असं चाललं. मग कुणाची तरी सून पहिल्यांदाच चर्चला आली, कडेवर पाच-सहा महिन्यांचं लेकरू. ती बाहेर चपलांपाशीच उभी राहिली.

"अगं, पुढचा पहिला बाक मोकळाच हाय, जा की," काका म्हणाले.

"पोरगं रडलं तर सगळ्यांच्या मधून कशी उठून येऊ, काका?" ती म्हणाली.

काकांनी डोळे मिटले. शेजारच्या बाईंनी गीतांचं पुस्तक उघडलं, उलटं. मीही रुमालाची घडी घालत बसले. चार घड्या झाल्या, पाचवी होईना. दाराच्या सगळ्यात जवळ मीच होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "ये, इथं बस."

मग बसायला जागा कुठं, तर पहिल्या बाकावर. तिथवर चालत गेले ती वाट मला वेरूळपर्यंत पायी जाण्याइतकी लांब वाटली. बसते न बसते तोच माईक हातात आला. पाळकसाहेब म्हणाले, "पहिली पाच वचनं वाचा, ताई."

मी बोट ठेवलं आणि सुरू झाले. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून पाच कधी संपली ते कळलंच नाही. वाचतच गेले. अख्खा अध्याय संपला तेव्हा मान वर केली. मला कुणीही थांबवलं नव्हतं. नंतर कळलं, पाळकसाहेबांना वाटलं वडीलमंडळ थांबवेल, वडीलमंडळाला वाटलं पाळकसाहेब थांबवतील. एकमेकांना मान देण्यात सगळेच गप्प राहिले. तेवढा वेळ उपदेशातून कापला गेला, म्हणून दोन-चार जणांनी माझे हात धरून आभारसुद्धा मानले.

बाहेर पडताना ती सून भेटली. लेकरू तिच्या खांद्यावर गाढ झोपलेलं.

"मावशी, दर रविवारी तुम्हीच वाचत जा ना," ती म्हणाली. "तुम्ही सुरू झालात आणि हे झोपलं बघा. घरी तासभर जोजवावं लागतं याला."

ती कौतुकानंच बोलली असणार. मी हो म्हणाले आणि घरी येईपर्यंत एकटीच हसत होते.