दुकानाचा धडा सुरू होईना

डिचोलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी प्रोग्रॅमिंगच्या एका मराठी कोर्सचं काम करते. व्हिडिओत शिकवणारा आवाज माझाच. धड्याखाली विद्यार्थ्यांनी डाउनलोड करायची जी उदाहरणं असतात, ती नीट चालतात की नाही हे बघणंही माझ्याचकडे. आसपासच्या खनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा या खोलीची खिडकी उघडायची सोय नव्हती, ट्रकांची तांबडी धूळ थेट आत यायची. आता उघडी असते.

एका सकाळी पेडण्याच्या एका बाईचा मेसेज आला. 'मॅडम, दुकानाचा धडा माझ्याकडे सुरूच होत नाही. तुम्ही व्हिडिओत करता तसंच सगळं केलं. मला वाटतं हे माझ्यासारखीला जमणारं नाही. कोर्स सोडते.'

तो धडा एका छोट्या दुकानातला माल नोंदवायचा होता. व्हिडिओत मी डेटाबेस तयार करते आणि त्याला 'दुकान' असं नाव देते. सोबत एक सेटिंगची फाइल असते. माल कुठल्या नावाच्या डेटाबेसमध्ये शोधायचा, ते प्रोग्रॅम तिच्यातून वाचतो. मी फाइल उघडली, तर तिथं नाव होतं 'बाजार'. त्या नावाचं काही नव्हतंच, मग प्रोग्रॅम सुरू होणार कसा? हा बाजार आला कुठून, ते कळेना. मी नाव बदललं, फाइल परत चढवली आणि तिला कळवलं.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. तोच एरर. फाइल उघडून बघितली, पुन्हा 'बाजार'.

मी चक्रावले. काल बदललं होतं ना मी? की बदलून सेव्ह करायची राहिली? पुन्हा बदललं. एकदोन दिवसांनी बघते, तर पुन्हा बाजार. मग मला माझाच भरवसा वाटेना. गॅस बंद केला का म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बघायला लागले. कोर्सच्या ऑफिसात विचारलं, तर म्हणाले, आम्ही हात लावलेला नाही. आम्ही सगळे एकाच खात्यातून फायली चढवायचो, त्यामुळे कोणी काय केलं ते दिसायचं नाही.

मी तिला फोन केला. म्हटलं, "तुमच्याकडच्या फाइलीत तेवढं एक नाव बदला, चालेल."

ती घाबरून म्हणाली, "नको गो बाय! तुम्ही दिलेल्या फाइलीत मी कसा हात घालू? आणखी काय बिघडलं तर?"

शेवटी म्हापशाला बस बदलून मी पेडण्याला गेले. माझ्याच वयाची होती ती. घराला लागूनच त्यांचं किराण्याचं दुकान. नवरा गिऱ्हाईक बघत होता, आणि ही आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून अशी बसली होती, जणू तिची तोंडी परीक्षाच घ्यायला मी आले होते.

तिच्या शेजारी बसून मी फाइल दुरुस्त केली, चढवली. तिनं डाउनलोड केली, चालवली आणि पडद्यावर मालाची यादी आली. तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले.

"चाललं?"

"चाललं."

तिच्या सासूनं चहा आणि गरम उंडे, म्हणजे इकडचे गोल पाव, आणले. "कॉम्प्युटर बरो जालो मगे?" तिनं विचारलं. म्हटलं, झाला. चहा घेता घेता आम्ही नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या जत्रेबद्दल बोललो. सासूचं माहेर तिकडचं निघालं.

कप ठेवल्यावर सून म्हणाली, "आता सगळं पुसून पहिल्यापासून मी एकटी करते. तुम्ही फक्त बघा."

तिनं सगळं पुसलं. डेटाबेस नव्यानं केला, 'दुकान' नाव नीट लिहिलं, फाइल पुन्हा डाउनलोड केली, चालवली. एरर.

तिचा चेहरा उतरला. "बघितलंत? माझा हात लागला की असंच होतं."

मी फाइल उघडली. बाजार! आम्ही उंडे खात होतो तेवढ्यात कोणीतरी बदललं होतं. तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि म्हटलं, आत्ता, या घटकेला फायलींवर कोण काम करतंय ते सगळ्यांना विचारून सांगा. थोड्या वेळानं एका माणसाचा फोन आला. तो हाच कोर्स हिंदीत सांभाळायचा. माणूस विदर्भातला, मी त्याला कधी भेटले नव्हते.

"मॅडम, ती फाइल मी नीट करतोय," तो वैतागून म्हणाला. "माझ्या व्हिडिओत डेटाबेसचं नाव 'बाजार' आहे. कोणीतरी येतं आणि तिथं 'दुकान' लिहून जातं. पोरं माझ्या नावानं ओरडतात. वेड लागायची पाळी आलीय!"

"ते कोणीतरी म्हणजे मी," मी म्हटलं.

तो म्हणाला, "म्हणजे तुमची आणि माझी फाइल एकच आहे?"

एकच होती. मराठी धडे सुरू करताना कोणीतरी हिंदीच्याच फायली आमच्या धड्यांखाली जोडून दिल्या होत्या, आणि ते आम्हा दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. मी दुरुस्त केलं की त्याच्या विद्यार्थ्यांचं अडायचं, त्यानं केलं की माझ्या विद्यार्थ्यांचं. फोनवरच ठरवून आम्ही दोन वेगळ्या फायली केल्या. तिनं पुन्हा डाउनलोड केली, चालली. मी तिला आणखी एकदा करायला लावलं. तिच्यापेक्षा मलाच ते बघायचं होतं.

"म्हणजे कोणाचंच चुकलं नव्हतं?" तिनं विचारलं.

ऑफिसचं चुकलं म्हणावं, तर तिथं ते जोडणारा माणूस केव्हाच सोडून गेला होता. आणि इतके दिवस मी त्याच फाइलीत डोकं घालून बसले होते, पण हे नाव दुसऱ्या कोणाला तरी हवं असेल, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

तिनं कोर्स सोडला नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या पडद्याचा फोटो आला. उदाहरणातला माल काढून तिनं त्यांच्या दुकानातला घातला होता: उकडे तांदूळ, कोकमाची सोलं, साबण, काड्यापेटी. खाली लिहिलं होतं, 'सासू म्हणते, सोलांचा भाव चुकलाय. तो कुठं बदलायचा?'