आधी भाऊराव

टेम्पोत कॉट, पेटी, भांडी सगळं चढलं होतं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि बाबा भाऊरावाच्या बंद दारासमोर उभे होते. याच भाऊरावानं आमच्या शेताची वाट काट्या टाकून अडवली, म्हणून तर आम्ही पाचोडजवळचं गाव सोडत होतो. दार काही उघडलं नाही. बाबा परत आले आणि घाईघाईनं टेम्पोत बसले. त्यांचे जिवाभावाचे दोस्त नामदेवकाका सकाळपासून आमचं सामान उचलत होते. निरोप घ्यायचा राहिला तो नेमका त्यांचाच.

"वैऱ्यावर प्रेम करायला प्रभूनं सांगितलंय," बाबा वाटेत म्हणाले. "दोस्तावर करायला सांगावं लागतं व्हय?" आम्ही ख्रिस्ती खरे, पण त्या दिवशी मला या शिकवणीचा रागच आला.

आता संभाजीनगरात दोन खोल्या आणि वाळूजच्या कंपनीतली शिफ्ट. बाबा गेले. संध्याकाळची प्रार्थना आई करते, त्यांच्याच क्रमानं. आधी भाऊराव, मग आम्ही. ओव्हरटाइम करून आल्यावर मी डोळे मिटतो ते झोपेनंच. भाऊरावाबद्दल आता ना राग उरला, ना माया. गॅस बंद केला का बघावं, तसं त्याचं नाव घेतो. गाव सोडून आलेल्यांनो, तुमचंही असंच होतं का?

मागच्या महिन्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले, आमच्याकडेच उतरले. डोळ्याला पट्टी, भिंतीला टेकून त्यांनी सगळी प्रार्थना ऐकली.

"वहिनी, भाऊरावचं नाव आलं," आमेन झाल्यावर ते म्हणाले. "माझं नाय आलं."

"तुमचं कशाला, भाऊजी? तुम्ही तर घरचेच."

"घरच्याला बी ऐकावं वाटतं की. त्या दिशी बी मी टेम्पोपाशीच उभा व्हतो."

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.

दुसऱ्या दिवशी तिनं भाऊरावाचं नाव नेहमीसारखं भरभर घेतलं. मग "नामदेवभाऊजी" म्हणाली आणि तिथंच अडली; पुढची प्रार्थना मला पुरी करावी लागली.

काका निघाले तेव्हा मी त्यांना एसटीत बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी थांबलो. बाबांचा राहिलेला निरोप होता तो.

गावात आता आमचं शेत नाही, घर नाही. ही दोन नावं तेवढी आहेत. मी म्हणतो, काकांचं आधी घेऊ. आई म्हणते, नाही, आधी भाऊराव.