बाईंच्या रांगोळीचा स्पीड

लाकडाचा भुसा कोणी मुद्दाम जमवत नाही. रंधा चालला की तो खाली पडत राहतो, आणि एक दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही. किश्शांचंही तसंच आहे. अकोल्यात रऊफच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाला लागून माझं सुतारकामाचं दुकान आहे. मधली भिंत पत्र्याची. त्यामुळे तिकडे जे घडलं त्याचा सगळा भुसा माझ्याकडे पडला. आज झाडायला बसलो आहे.

मी तसा थंड माणूस. रागानं रंधा मारला की लाकूड सोलवटते, हे पोटासाठी शिकावं लागलं. पण यातले काही किस्से आठवले की अजूनही माझी कानशिलं तापतात!

•

सुरुवात तायडेबाईंच्या टीव्हीपासून झाली. बाई आमच्या इथल्या शाळेत गणित शिकवायच्या. रऊफ त्यांचा विद्यार्थी. मीही त्या शाळेत जायचो, पण बाकं ठोकायला! शिकायचं राहूनच गेलं.

रऊफ टीव्ही नीट करायला बाईंच्या घरी गेला, तर बाई म्हणाल्या, "टीव्ही राहू दे रे. माझ्या डोळ्यात काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणे, गेलेली नजर येत नाही, उरलेली जपा. ती उरलेली आहे तोवर मले माझी रांगोळी एकदा पाहायची आहे."

फार वर्षांपूर्वी शाळेत एक घरगुती कॉम्प्युटर आला होता. कीबोर्डातच सगळं यंत्र, आणि वायर टीव्हीला. बाईंनी स्वतः शिकून त्यावर रांगोळीचा प्रोग्राम लिहिला होता. ठिपका, मग देठ, मग पाकळी, अशी ती टीव्हीवर दमादमानं निघायची आणि अख्खा वर्ग मांडी घालून पाहत बसायचा.

रऊफ शाळेत गेला. हेडमास्तर म्हणाले, "तो? आतलं सगळं भंगारात गेलं. वरचा डबा आहे."

पाहतो तर डब्याचं झाकण उघडं आणि आत खडू! रऊफचे डोळे भरून आले. "सर, निदान डबा तरी द्या. बाईंसाठी पाहिजे."

हेडमास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं शाळेची घंटाच मागितली.

"डबा तुमाले देला, तर मी खडू कायच्यात ठेवू?"

•

मग रऊफनं निलिमाला फोन केला. तीही बाईंचीच विद्यार्थिनी, आता अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. रविवारी एसटीनं आली आणि पर्समधून एक हिरवी पाटी काढली. मधोमध काळी चिप. ती त्याला एफपीजीए बोर्ड म्हणते.

मला समजावं म्हणून तिनं सोपं करून सांगितलं. "काका, बाकीच्या चिपा कारखान्यातून जे बनून येतात, मरेपर्यंत तेच राहतात. ही कोरी येते. हिच्यात त्या जुन्या कॉम्प्युटरचा नकाशा भरला की आतली जोडणीच तशी होते. ही तोच कॉम्प्युटर बनते."

"म्हणजे फळीसारखं," मी म्हटलं. "मनात आलं तर पाट, मनात आलं तर देव्हारा."

"तसंच. फक्त ही फळी पुसून पुन्हा कोरी करता येते."

खरं सांगतो, मला चिपेचा हेवा वाटला.

हे मी घरी सांगितलं तर जावई हसला. "मामा, तो कॉम्प्युटर मोबाईलवर फुकट भेटते. दोन मिनिटाचं काम. हे लोक काहून वेळ घालवून राहिले?" आणि खरंच डाउनलोड करून, मला गाडीवर मागं बसवून बाईंकडे घेऊन गेला. मोठ्या तोऱ्यात मोबाईल समोर धरला.

बाईंनी तो नाकापर्यंत नेला, इकडेतिकडे फिरवला आणि परत दिला.

"जावईबापू, तुमच्या घरी आजोबाचा फोटो आहे ना भिंतीवर?"

"आहे ना."

"त्याले जेवाले वाढता का?"

•

रऊफच्या दुकानात बोर्डावर यंत्र उभं राहिलं. प्रोग्राम बाईंच्या तोंडपाठ! दहा, वीस, तीस अशा ओळींनी त्या म्हणत गेल्या आणि निलिमा टाइप करत गेली. मधेच निलिमा अडखळली तर बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "स्वल्पविराम खाल्ला तू. लहानपणीबी खायची."

शेवटी प्रोग्राम चालू केला. फट्! डोळ्याची पापणी लवायच्या आत पूर्ण रांगोळी टीव्हीवर!

रऊफनं टाळी वाजवली. "वा मॅडम! क्या स्पीड है!"

बाई उठून उभ्या राहिल्या. "रांगोळी काढतात रे, फेकत नाहीत! ही माझी नाही." आणि ऑटो बोलवायला लावला.

झालं होतं असं की बोर्डाचं घड्याळ जुन्या यंत्राच्या कितीतरी पट पळत होतं. निलिमानं ते हळू केलं, तरी रांगोळी लवकरच निघायची. मग तिला उमगलं. जुन्या यंत्रात हिशेब करणारी चिप आणि चित्र दाखवणारी चिप, दोघींना मेमरी एकच. एकीचं चालू असलं की दुसरी थांबायची. अकोल्याच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. नळ एक, बाया दोन! तर यंत्राला नुसतं हळू चालणं नाही, बरोबर जागी थांबणं शिकवायचं होतं. त्यातच उन्हाळा गेला.

त्याच दिवसांत निलिमाच्या कॉलेजातले, पण अकोल्यात राहणारे एक सर दुकानात आले. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

"मशीन स्लो करतोय," रऊफ म्हणाला.

"स्लो? अहो, सारी दुनिया फास्ट करून राहिली! स्लो करायला अक्कल लागते का?"

मी रंधा खाली ठेवून तिकडे गेलो. मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघालंच. "सर, तुमी स्कूटरवर आले ना? जरा चालवून दाखवा, कोणी पायी चालते तेवढ्या स्पीडनं. पाय खाली न टेकता."

सर चहा अर्धा टाकून गेले. स्कूटर मात्र जोरात नेली.

•

आता माझा अपमान ऐका. यंत्राला डबा मी केला. जुनं सागवान, चारही कोपरे असे जुळवले की सांध्यात कागद शिरणार नाही. निलिमानं आणलेला कीबोर्ड त्यात बसवला. आयुष्यात माझ्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही, असं मला वाटत होतं.

बाईंनी डब्यावरून हात फिरवला. मी कौतुकाची वाट पाहत उभा.

"नामदेव, हा कोपरा तुटलेला नाही."

"नाही बाई! कसा तुटन?"

"डावीकडचा तुटला होता. तिथं माझी करंगळी टेकायची. तिथून मले अक्षरं सापडायची. आता तर फारच गरज आहे त्याची."

मी रऊफकडे पाहिलं. रऊफ छताकडे पाहायला लागला. निलिमा म्हणाली, "काका, सेम टू सेम पाहिजे."

लोकांचे तुटलेले कोपरे जुळवण्यात माझी जिंदगी गेली, आणि म्हातारपणी स्वतःचाच सागवानी कोपरा तोडायचा! छिन्नी लावली आणि कोपरा उडवला. बाईंनी करंगळी टेकवून पाहिली.

"अजून थोडा."

•

सगळ्यात जास्त संताप मला अमरावतीचा आला. दसऱ्याच्या आधी निलिमा बोर्ड कॉलेजात घेऊन गेली. तिथं एक मीटर आहे, त्यावर घड्याळ तपासायचं होतं. एका दिवसाचं काम. पण संस्थेच्या मोठ्या साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "अरे वा, हे प्रदर्शनात ठेवा!" निलिमा नाही म्हणाली. तिची नोकरी साहेबांच्या हातात, तिचं नाही किती चालणार?

प्रदर्शनाचं उद्घाटन खंडेनवमीला. मी आणि रऊफ मुद्दाम गेलो होतो, की कार्यक्रम संपला की बोर्ड उचलायचा. साहेबांच्या भाषणात आमचा बोर्ड आधी 'देशी कॉम्प्युटर' होता, टाळ्या पडल्यावर 'सुपर कॉम्प्युटर' झाला. मग खाली वाकून त्यांनी निलिमाला हळूच विचारलं, "यात यूट्यूब चालते ना?"

आणि मग आपल्याकडची रीत! खंडेनवमीला मी माझ्या करवतीची पूजा करतो, रऊफ त्या दिवशी माझ्याकडे पेढा खायला येतो. त्याला ना नाही. पण करवतीत करंट नसते हो! साहेबांनी चालू बोर्डावर चिमूट नाही, मूठभर हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ तिथंच टेबलाच्या कडेवर फोडला. पाणी सरळ बोर्डावर. चर्रर्र आवाज आला आणि टीव्ही मेला.

लोकांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. टाळ्या!

रऊफ परतीच्या एसटीत मांडीवर बोर्ड घेऊन दातांच्या ब्रशनं कुंकू काढत बसला. पिनापिनांत गेलेलं. बोर्ड काही उठला नाही. निलिमानं दुसरा मागवला, तो येता येता दिवाळी गेली. इकडे बाईंना पेपरचं मोठं अक्षर दिसायचं, तेही दिसेनासं झालं. त्या साहेबांनी मात्र निलिमाला बोलावून विचारलं,

"मॅडम, पूजा तर आपण व्यवस्थित केली होती. मग बंद कसा पडला?"

•

नवा बोर्ड यायचा होता, तेव्हाचीच गोष्ट. बाईंचा पुतण्या पुण्याहून मोठी गाडी घेऊन आला. मी बाईंच्या दाराची कडी बसवत होतो. पुतण्या भला माणूस, पण सल्ल्याचा सोस भारी.

"काकू, तुम्हाला थोडंच दिसतं म्हणता, तर ते चांगल्या ठिकाणी वापरा ना! चला, चिखलदऱ्याला नेतो. सूर्यास्त बघा, दऱ्या बघा. ते खेळणं काय बघायचं?"

मला इतका राग आला की स्क्रू वाकडा गेला. बाई मात्र शांत. पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "बापू, सूर्य माझ्याशिवायबी मावळते. रांगोळी मी लिहिली आहे."

पुतण्या जाताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काकूंना समजावा ना तुम्ही. किती हट्टी आहेत!"

मी म्हटलं, "साहेब, मी नवी कडी बसवून राहिलो. कडी आतून लागते, बाहेरून नाही."

•

शेवटी तो रविवार आला. नवा बोर्ड बसला होता, घड्याळ जुळलं होतं, थांबण्याच्या जागा जुळल्या होत्या. रऊफनं जुना, पेटीसारखा टीव्ही काढून ठेवला. बाई निलिमाच्या खांद्याला धरून आल्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या. कोणी काही विचारू नये अशा चेहऱ्यानं खुर्चीवर बसल्या.

"खुर्ची पुढं घे," म्हणाल्या. रऊफनं खुर्ची टीव्हीपाशी सरकवली. बाईंनी स्वतःच बटणं चाचपून प्रोग्राम चालू केला आणि मान वर केली.

टीव्ही काळा होता.

खुर्ची सरकवताना पायात वायर येऊन टीव्हीची पिन निघाली होती. यंत्र चालू होतं, त्याचा बारका लाल दिवा जळत होता. पण काचेवर काही नाही. निलिमाचा हात वायरीकडे गेला.

"हं," बाई म्हणाल्या. "पडला ठिपका."

निलिमाचा हात तिथंच थांबला.

"आता देठ. दमानं, दमानं... पाह, कशी थांबून थांबून येते. डावी पाकळी आली. बरोबर! आता थोडी थांबन... हं, आता उजवी."

निलिमा पुन्हा वाकली, तर रऊफनं तिचं मनगट धरलं. नुसती मान हलवली. मग आम्ही तिघंही त्या काळ्या काचेकडे पाहत उभे राहिलो. बाजूच्या हॉटेलातला रेडिओ तेवढा वाजत होता. बाई पाकळीमागून पाकळी सांगत गेल्या, बोट हवेत फिरवत गेल्या. कुठं घाई नाही, कुठं अडखळणं नाही.

रांगोळी पुरी झाली की ते यंत्र एकदा टुक् करून वाजते. बाईंनीच प्रोग्रामात शेवटच्या ओळीला तसं लिहिलं आहे.

"शेवटचा ठिपका," बाई म्हणाल्या. बोट टेकवलं. "झाली!"

आणि त्याच क्षणी डब्यातून आवाज आला. टुक्!

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि रऊफ उभा होता तिकडे मान वळवली.

"काहून रे रऊफ, असा गप्प काहून? दिसली नाही का तुले?"