वामनने आखलेला कातळ

वामन गेल्याचं मला शाळेत कळलं. मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभा राहिलो... त्याची माफी मागायची राहून गेली, ती आता कायमचीच.

मालवणच्या वरच्या अंगाला आमचं लहानसं बंदर. वामन तिथे कारकून. हंगामात आंब्याच्या पेट्या लादलेल्या बैलगाड्या बोटीच्या आदल्या दिवसापासून धक्क्याशी दाटी करत. शेवटी शेजारची, गाबीत मच्छीमारांच्या बायका मासळी सुकवत ती वाळू घेऊन तिथे वखार बांधायचं बंदराच्या साहेबांच्या मनात आलं. वामनला ते सोसेना. बंदराचं सगळं काम बंदरावरच उरकायला हवं असं कुठे आहे, असं तो म्हणे. गाड्या वर गावाबाहेरच्या कातळावर थांबवाव्यात, पेट्या तिथेच मोजून पावत्या द्याव्यात आणि बोट दिसली की पाळीपाळीने खाली सोडाव्यात. एक हंगाम बघू, असं साहेब म्हणाले. मासळी सुकवणाऱ्या बायकांतल्या जानकीने वामनला विचारलं, "भाऊ, आमची वाळू ऱ्हवतली मां?" यानं सरळ हो म्हणून टाकलं. शब्द देण्यात वामन पहिल्यापासून उधळा.

माझी आंब्याची चार कलमं होती. मला म्हणाला, "मास्तर, तुझी गाडी थांबली तर बाकीचे थांबतले."

थांबलो होतो. पण नेमके साहेब पाहणीला आले त्या सकाळी कातळावर कुणीतरी म्हणालं, आज बोटीत जागा कमी आहे. आपली पेटी डोळ्यांदेखत बोटीपर्यंत माल नेणाऱ्या पडावात चढल्याशिवाय आम्हा बागवाल्यांचा जीव भांड्यात पडत नाही. वामन खाली धक्क्यावर होता. मी बैल जुंपले... माझ्यामागून सगळा कातळ उतरला. गाड्यांनी भरलेली वाळू पाहून साहेबांनी वखारीची जागा तिथल्या तिथे मापायला लावली. फितीचं एक टोक वामनला धरावं लागलं. जानकी टोपली काखेत घेऊन बघत होती. "भाऊ, तुमचो शब्द होतो," एवढंच म्हणाली.

पुढेही वामन माझ्याकडे येत राहिला, चहा पीत राहिला. तो विषय मात्र त्यानं कधी काढला नाही. एक शिवी हासडली असती तरी मी सुटलो असतो. मग आंबा ट्रकने जाऊ लागला, वखार ओस पडली. वाळू काही परत मिळाली नाही. जानकी आता रस्त्याकडेला मासळी सुकवते आणि धूळ झटकत बसते.

तेराव्यानंतर वहिनींनी मला त्याच्या खोलीत नेलं. खाटेच्या उशाशी, कॅलेंडरच्या पाठीवर आखलेला कातळ भिंतीला टाचलेला होता. गाड्यांसाठी पेन्सिलीचे चौकोन, प्रत्येकात एकेका बागवाल्याचं नाव.

"भावोजी, हे दर वर्साक नवीन आखीत," वहिनी म्हणाल्या.

कागद यंदाचा होता. पहिल्या चौकोनात माझंच नाव होतं.