आईची पत्रावळ, मामाचा तराजू

अख्ख्या चांदा जिल्ह्यात उंदरांची जावयासारखी बडदास्त ठेवणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा सख्खा मामा होता. नागभीडच्या धानाच्या मुलखात उंदीर दिसला की लोक काठी शोधतात. मामा तराजू शोधायचा. पडवीत पिंजऱ्यांची ओळ. रोज सकाळी प्रत्येक उंदराचं वजन करायचं, त्याच्या वाटीतले तांदूळ तोलायचे आणि मगच चहाला हात लावायचा. तोवर चहाचं पाणी झालेलं असे. "उंदरायले पोसून राह्यले का, मास्तर?" असं कुणी हटकलं, की म्हणायचा, "पोसता तर तुमीई. मी तोलून पोसतो, एवढंच."

आधी तो नागपूरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. उंदराच्या मेंदूच्या तळाशी मोहरीएवढी एक जागा असते. ती सुईने बिघडवली की उंदीर खातच सुटतो आणि फुगतो. हे त्याने स्वतः करून पाहिलं होतं. पण तेवढ्यावर थांबेल तर तो मामा कसला! त्याने आपलं घोडं पुढे दामटलं. अंगातली चरबी रक्तातून मेंदूला 'आता पुरे' असा निरोप धाडत असली पाहिजे, आणि मेंदूत तो निरोप घेणारी एखादी कडी असली पाहिजे. ती कडीच बिघडली, तर माणसाचा काय दोष? प्रयोगशाळेचे साहेब हसले. म्हणाले, लठ्ठ म्हणजे खादाड, त्याला संशोधन कशाला? मामाने त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच दौतीत टाक बुडवून राजीनामा लिहिला आणि पिंजऱ्यांसकट रेल्वेने नागभीड गाठलं. डब्यातल्या लोकांनी त्याला आपण होऊन अख्खं बाक दिलं होतं. मग तो गावच्या शाळेत शिकवू लागला.

एवढा ताठा कुणासाठी, तर माझ्या आईसाठी. आई अंगाने खूप जाड. माझे धाकटे काका वाळल्या शेंगेसारखे, येता-जाता म्हणायचे, "वहिनी चुलीपाशीच अर्धं जेवून घेते." सगळे हसायचे. मला त्या हसण्याचा अजून राग येतो. हळूहळू आईने पंगतीत बसणंच सोडलं.

माझ्या बहिणीच्या लग्नात मामा तराजू घेऊनच मांडवात आला. पारडी राखेने घासून आणली आहेत, हे त्याने सगळ्यांना ऐकवलं. आईला हाताला धरून पंगतीत बसवलं, शेजारी काकांना. "पाहुणे, आज दोघायचंही तोलतो. भेव तर नाई ना?"

"तोल ना! मले काऊन भेव?" काका म्हणाले.

भात, वांग्याची भाजी, बुंदी, जे येईल ते आधी पारड्यात आणि मग पत्रावळीवर. काका तर तराजू विसरून तिसऱ्यांदा बुंदी मागून बसले. शेवटी त्यांचं जेवण आईच्या तिप्पट भरलं. मामा पंगतीच्या मधोमध उभा राहून गरजला, "आता बोला! बिघाड बाईच्या कडीत आहे, तोंडात नाई!" मांडव हसला. काकांनी मान खाली घातली.

आई मात्र हसली नाही. रिकाम्या पत्रावळीकडे बघत हळूच म्हणाली, "मले भूक लागून राह्यली रे. रोजच राह्यते. लोकं पाह्यतात म्हणून उठा लागते."

मामाचा चेहरा पडला. भुकेच्या मागे एवढी वर्षं घालवलेल्या माणसाने सख्ख्या बहिणीला तिची भूक कधी विचारली नव्हती. त्याने तराजू खाली ठेवला, वाढप्याच्या हातातलं भाताचं घमेलं घेतलं आणि न तोलता वाढलं. "खा बाई. ज्याले पाहाचं त्याले पाहू दे." आई पोटभर जेवली.

ती कडी काही मामाला सापडली नाही. तो गेल्यावर त्याचे कागद उंदरांनीच कुरतडले. आई पुढे प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला बसायची. दुसऱ्यांदा भात मागण्याआधी मात्र एकदा मांडवाच्या दाराकडे बघायची, तराजू घेऊन कुणी येतंय का म्हणून.