बसण्याजोगा समुद्र

विशाखापट्टणमची गाडी रायपूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटते. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरापासून स्टेशन फार लांब नाही, तरी मी उठले तेव्हा ताई तयार होऊन पलंगावर बसलेली होती. दोन्ही पायांना कॅलिपर (पाय ताठ ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) बांधलेले, कुबड्या मांडीवर आडव्या, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा.

"काहून इतक्या लवकर उठली?" मी विचारलं.

"झोपलीच कुठं होती मी," ती म्हणाली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण कुसुम. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान. आमचे बाबा रेल्वेच्या नोकरीत भंडाऱ्याकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. ताईला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. तरी ती शिकली, सरकारी कचेरीत लागली, फायली सांभाळत तिने सगळी नोकरी काढली आणि यंदा बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "मॅडम, अब आगे क्या सोचा है?"

"समुद्र में बैठूँगी," ताईने सांगितलं.

लोक हसले. कोणीतरी सावरून घेतलं, "समुद्र देखेंगी, मतलब."

"नहीं. बैठूँगी."

मी तिथेच होते. घरी येताना मी तिला म्हटलं, चल, मी नेते. बोलून गेले खरी, पण समुद्राची मला भीती होती. कॉलेजच्या सहलीत पुरीला एका लाटेने मला गुडघाभर पाण्यात उलटंपालटं केलं होतं. चष्मा गेला, नाकातोंडात वाळू गेली. त्यानंतर मी समुद्राला पाय लावलेला नाही. आमचे हे निघताना दारातून म्हणाले, "दुरून पाहा अन् या." मला ते मनापासून पटलं होतं.

गाडी महासमुंद सोडून ओडिशात शिरली तशी भातखाचरं मागे पडली आणि डोंगर जवळ येऊ लागले. ओडिशातल्या रायगडा स्टेशनच्या आसपास बोगदे लागतात. प्रत्येक बोगद्यात ताई खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा पाहून घेत होती आणि बाहेर आलो की पुन्हा डोंगर. दुपारी विशाखापट्टणमला उतरलो तेव्हा हवा अंगाला चिकटत होती. स्टेशनबाहेर सत्यम नावाचा रिक्षावाला भेटला. पन्नाशीचा, तेलुगू वळणाची हिंदी बोलणारा. ताईच्या कुबड्या त्याने न विचारता हातात घेतल्या नाहीत, आधी त्यांच्याकडे बोट करून विचारलं, "दीदी, पहले आप बैठेंगी या ये?" तो ताईला तिथेच आवडला. पुढचे तीन दिवस आम्ही त्याच्याच रिक्षातून फिरलो.

लॉजवर सामान टाकून संध्याकाळी आर. के. बीचवर गेलो. शहराच्या अंगणातच हा किनारा आहे. रस्ता, रस्त्याला लागून फरसबंदी, बसायला कठडा, आणि खाली समुद्र. समुद्र दिसला तशी ताई थांबली. कठड्याला टेकून उभी राहिली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. मी मुरी मिक्स्चर (कांदा, टोमॅटो, लिंबू घालून कालवलेले मुरमुरे) आणलं, ते तिच्या हातात तसंच राहिलं.

मला वाटलं, भारावली असेल. पण ती पायांकडे पाहत होती. पाण्यात उभ्या असलेल्या लोकांच्या पायांकडे.

"शोभा, ती हिरव्या साडीची बाई पाह्य. लाट परत गेली की तिच्या पायाखालची रेती निघून जाते. ती दर वेळी एक पाऊल आत जाऊन राहिली. तिले कळूनही नाही राहिलं."

खरंच होतं. किनाऱ्याचा उतार तिथे तीव्र होता आणि लाट थेट वाळूवर येऊन आपटत होती. एवढ्यात जोरात शिट्टी वाजली. निळ्या टी-शर्टातल्या एका माणसाने त्या बाईला आणि आजूबाजूच्यांना हात करून मागे बोलावलं. तो जीवरक्षक होता. कठड्याजवळून जाताना ताईने त्याला थांबवलं.

"भैया, यहाँ पानी में बैठ सकते हैं क्या?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, कुबड्यांकडे पाहिलं, पण उत्तर सगळ्यांना देतात तसंच दिलं. "अम्मा, ये बीच देखने का है, नहाने का नहीं. नहाना है तो ऋषिकोंडा जाओ. सुबह जाओ. लाल-पीला झंडा रहता है, दो झंडे के बीच में रहना. सिर्फ लाल झंडा रहा तो पैर भी नहीं डालना."

ताईने ते मनात दोनदा घोकलं. मग मुरमुरे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही ऋषिकोंडाला गेलो नाही, आणि तो दोष माझा. सत्यम म्हणाला, याराडासारखा सुंदर किनारा अख्ख्या शहरात नाही, गर्दीही नसते. गर्दी नसते हे ऐकून मी लगेच हो म्हटलं. ताईला लोकांनी वळून वळून पाहू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रिक्षा डोंगर चढून पलीकडे उतरली आणि नारळीच्या झाडांमागे जे निळं पाणी दिसलं, ते मी तरी फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. चिटपाखरू नव्हतं.

रिक्षा थांबते तिथून पाण्यापर्यंत नुसती मऊ वाळू. दहा पावलांवर ताईची डावी कुबडी निम्मी आत रुतली आणि ती कुशीवर पडली. लागलं नाही, पण मला तिला उठवता येईना. मी ओढायला लागले की माझेच पाय रुतत. तेवढ्यात मागून एक कुटुंब आलं. त्यांतल्या बाई "अरेरे, बिचारी" म्हणाल्या आणि त्यांच्या तरुण मुलाने मोबाइल वर केला. फोटो आमचा काढला की समुद्राचा, कोण जाणे. ताईचा चेहरा दगडासारखा झाला. सत्यम धावत आला, त्याने नुसता हात पुढे धरला आणि ताई त्याला धरून स्वतः उठली.

मला ते लवकर संपवायचं होतं. मी म्हटलं, "इथं कडेले बसतेस का थोडी? मी धरतो तुले."

"इथं नाही."

"अजून कुठं कुठं फिराचं, ताई? पाह्यला ना समुद्र? इतक्या जवळून पाह्यला. पुरे कर आता."

"पाहाचा असता त टीव्हीवर पाह्यला असता. मी पाहाले नाही आली."

"अन् तुले काही झालं त? मले पोहता येत नाही."

"म्हणून त इथं नाही म्हणून राहिली!" तिचा आवाज चढला. "पाह्य बरं चौफेर. इथं शिट्टी वाजवणारा एक माणूस आहे का? मी बुडाले नाही आली, शोभा. बसाले आली."

परतीच्या वाटेवर ती रिक्षात कडेला सरकून बाहेर पाहत बसली. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती. तिने जागा पाहून, विचारून ठरवली होती. मी फक्त लोकांच्या नजरा मोजत होते.

संध्याकाळी लॉजजवळच्या एका छोट्या टिफिन सेंटरमध्ये सत्यमने आम्हाला पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) खायला नेलं. आत उपमा भरलेला, वर आल्याची चटणी. ताईने पहिला घास घेतला आणि याराडा सोडल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"हा त आपल्या रायपूरचा चीलाच आहे, तांदळाचं धिरडं. फक्त शिकून मोठा झालेला."

मी हसले, तीही हसली. मग मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "खा गरम आहे तोवर." आणि दुसरा पेसरट्टू संपवून तिने सत्यमला समोर बसवलं आणि प्रश्न विचारले. गाडी किती जवळ जाते? वाळू कडक आहे की मऊ? उतार किती? जीवरक्षक किती वाजता येतो? सत्यमला सगळंच ठाऊक नव्हतं. त्याने ऋषिकोंडाला शहाळी विकणाऱ्या आपल्या मेहुण्याला तिथूनच फोन लावला आणि एकेक उत्तर आणलं. उतार थोडा. पाण्याजवळची ओली वाळू कडक. सकाळी सात वाजता जा, समुद्र शांत असला तर बसायला मिळेल, नाहीतर नाही.

"नाहीतर नाही," ताई म्हणाली. "हे बरोबर."

तिसऱ्या दिवशी सकाळी ऋषिकोंडाला पोहोचलो तेव्हा लाल-पिवळे दोन झेंडे वाऱ्यावर फडफडत होते. वरून खाली जायला फळ्यांची वाट होती. ताई त्यावरून टकटक करत गेली आणि वाट संपली तिथे थांबली. पुढे वाळू. जीवरक्षक तिथे खुर्ची टाकून बसला होता. चाळिशीचा, काळासावळा, नरसिंग नाव. ताईने त्याला सरळ सांगितलं की पाय चालत नाहीत, पोहता येत नाही, पाण्यात बसायचं आहे.

त्याने समुद्राकडे पाहिलं. चार-पाच लाटा येऊन जाईपर्यंत तो पाहत राहिला. "अभी पानी उतर रहा है. एक घंटा ठीक है, अम्मा. मैं सीटी बजाया तो उठने का, बहस नहीं." मग म्हणाला, "दो आदमी बुलाऊँ? उठा के ले जाएँगे."

"नहीं," ताई म्हणाली. "मैं जाऊँगी."

ती वाटेच्या टोकावर बसली आणि कॅलिपरचे पट्टे सोडू लागली. माझ्या आठवणीत चारचौघांत ताईने कॅलिपर कधी काढलेले नाहीत. लग्नाकार्यांत, दवाखान्यात, गाडीत, कुठेच नाही. खारं पाणी लोखंडाला खातं हे तिला माहीत होतं, म्हणजे हे तिने रायपूरलाच ठरवलेलं होतं. सहा पट्टे. एकेक करून तिने सोडले, कॅलिपर माझ्या हातात दिले आणि सलवारीतले बारीक पाय वाळूवर ठेवले. लोक पाहत होते. मी कोण पाहतंय ते पाहायचं नाही असं ठरवलं आणि कॅलिपर सत्यमकडे दिले.

घरात ताई बसूनच हातांवर सरकते. तशीच ती निघाली. दोन्ही तळवे वाळूत रोवायचे, अंग उचलायचं, हातभर पुढे. नरसिंग तिच्या पुढे पाण्याच्या बाजूने चालत होता, हातात बुडत्याला धरायला देतात ते लाल रंगाचं तरंगतं नळकांडं. एकदा ती पाठमोरी सरकायला लागली तर तो म्हणाला, "समुद्र को पीठ नहीं दिखाना, अम्मा. वो कब क्या भेजेगा, दिखना चाहिए." मग ती आडवी सरकत राहिली, नजर पाण्यावर.

ओल्या वाळूत तो थांबला. "बस. यहाँ तक." नळकांड्याचा पट्टा त्याने तिच्या हातात दिला.

पहिली लाट आली ती नुसती फेसाची. तिच्या पायांवरून आली, कमरेपर्यंत चढली आणि गेली. ताईने "आई गं" म्हटलं, अगदी हळू. दुसरी आली. तिसरी आली. तिने दोन्ही हातांनी पाणी धरलं, तोंडाला लावलं आणि थुंकलं.

"खरंच खारट आहे ना रे बापा!"

शेजारी एक म्हातारी तेलुगू बाई साडीसकट पाण्यात बसली होती. तिने ताईच्या पायांकडे पाहिलंही नाही. ती तेलुगूत काहीतरी म्हणाली, ताईने मराठीत सांगितलं, "हो ना बाई, थंडगार आहे." बाईने मान डोलावली आणि पुढे आणखी बरंच सांगितलं. ताई मध्ये मध्ये "हव, हव" म्हणत होती. हे संभाषण अर्धा तास चाललं. दोघींनाही त्यात काही अडचण आलेली दिसली नाही.

मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी होते. ताई म्हणाली, "ये ना. बस इथं." मी बसले, डोळे मिटूनच. आणि नेमकी तेव्हा मोठी लाट आली. नरसिंगने ओरडून सांगितलं होतं, पण मी पाहतच नव्हते. कानात पाणी, नाकात पाणी, खालची वाळू निसटली आणि मी आत ओढली जाऊ लागले. पुरीची लाट आठवली. तेवढ्यात मनगटावर अशी पकड बसली की हाड कडकडलं. ताईने एका हाताने नळकांड्याचा पट्टा धरला होता आणि दुसऱ्या हातात मला. पन्नास वर्षं कुबड्यांवर शरीर तोलणारे हात ते. लाट परत गेली तेव्हा मी तिच्या मांडीवर पडले होते, ठसकत, आणि ती हसत होती. नरसिंग धावत पोहोचला होता. त्याने मला नीट बसवलं आणि मलाच रागावला, "दीदी, आँख खोल के बैठो!"

मी डोळे उघडे ठेवून बसले. निळ्या पाण्याची भिंत उभी राहते, वाकते, पांढरी होते आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर तिचा नुसता फेस उरतो. हे मी चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं.

शिट्टी वाजली. ताईने एक क्षणही मागितला नाही. जशी आली तशीच हातांवर वर सरकली. शहाळ्याच्या गाडीजवळ आम्ही उन्हात सुकत बसलो. केसांत वाळू, कपड्यांत वाळू, दातांखाली वाळू. नरसिंगचा निरोप घेताना ताई आमच्या घरच्या रीतीने हात जोडून "जय भीम" म्हणाली. त्याने चमकून पाहिलं आणि हसून तेच उत्तर दिलं.

परतीच्या गाडीने सकाळी रायपूरला उतरलो. रिक्षा शेजारच्या बूढापाऱ्यातल्या गल्ल्यांतून स्कूटरी चुकवत घरी आली. माझी मुलगी नेहा दारातच होती. तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदी.

"मौसी, डर नहीं लगा?"

"लागली ना," ताई म्हणाली. "लागली म्हणूनच त इतक्यांले विचारलं."

मी बॅग उघडून ओले कपडे काढत होते. मला वाटलं, भीती तर मलाही होती, आयुष्यभर होती. पण ती भीती घेऊन मी कधी कोणाला एक प्रश्न विचारला नव्हता. नुसती दूर उभी राहिले.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी शिकवते त्या शाळेतून आले तर ताई फोनवर होती. शहरातल्या पोहण्याच्या तलावाचा नंबर तिने कुठून तरी मिळवला होता.

"पानी तक कितनी सीढ़ी है, भैया? पकड़ने को रेलिंग है क्या? और सिखाने वाला पानी के पास ही रहता है ना?" पलीकडचं सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक है. सोमवार से. दो जन आएँगे."

आणि माझ्याकडे न पाहताच तिने फोन ठेवला.