सर्वांत पुढे शोधणारा माणूस

गल्लीतली पोरं त्याला चोरकाका म्हणायची, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. नव्या माणसाला चमत्कारिक वाटे. कुणी तोंडावर चोर म्हणावं आणि यानं हसत हसत खिशातून पेपरमिंट काढावं, हा काय प्रकार? पण खोटं काहीच नव्हतं. चोरी हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. घरोघरी दूरचित्रवाणी यायची होती त्या काळात, काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या एका मालिकेत तो कधी मिशी लावून, कधी चष्मा चढवून दागिने लंपास करायचा, म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं बदलायचा, वारसांना गायब करायचा, आणि शेवटी भिंतीतून आरपार फेकला जायचा.

फेकणारा म्हणजे मालिकेचा नायक. पडद्यावर त्याचं नाव भारदस्त होतं, पण स्टुडिओत त्याला सगळे झूलवाला म्हणत, कारण पाठीवरची ती लांबलचक झूल सावरण्यातच त्याचा निम्मा दिवस जायचा. झूलवाला उडायचा, लोखंड वाकवायचा, भिंतीपलीकडचं बघायचा. पण उडणं महाग पडतं हो! तारा हव्यात, कप्प्या हव्यात, त्या ओढायला माणसं हवीत. म्हणून मालिकेच्या पहिल्याच वर्षी त्याला एकदा उडवून घेतलं होतं आणि तेच उड्डाण प्रत्येक भागाच्या शेवटी चिकटवत. तेच ढग, तीच धुराडी. मग उरलेला वेळ भरायचा कशानं? तर रहस्यानं. रहस्याला काय लागतं? एक खोली, एक टेबलावरचा दिवा, चार माणसं, आणि एकानं दुसऱ्याला विचारायचं, ‘त्या वेळी तुम्ही कुठे होता?’ लोकांना वाटायचं आपण उडणाऱ्या वीराची मालिका बघतोय. खरं तर ती काटकसरीनं केलेली गुप्तहेराची गोष्ट होती, शेवटी फक्त झूल यायची.

आणि चोर कोण, हेही काही फार खोल विचार करून ठरत नसे. पोट सदा बिघडलेला एक किडकिडीत लेखक होता. तो चार संशयित लिहून आणायचा. दिग्दर्शक विचारायचा, “भिंतीतून पडायला कोण तयार आहे?” बाकीचे तिघे बुटांकडे बघत. हा हात वर करायचा. झालं, तोच चोर. त्या भुसा-चुन्याच्या भिंतींनी त्याचे पुढचे दोन दात घेतले होते आणि डावा खांदा कायमचा खाली आणला होता. तरी तक्रार नव्हती. पुढे-पुढे करण्याची त्याला जन्माची हौस. कुणाचं कपाट वर चढवायचं असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, हा आधी दारात हजर. त्याची विधवा थोरली बहीण, जिच्यासोबत तो तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचा, ती म्हणायची, “तुला बोलावणं लागतच नाही रे. तू आधीच आलेला असतोस.”

दुसऱ्या वर्षी लेखकाचं डोकं चालेना. लोक हुशार झाले होते. खेकसणारा पुतण्या दिसला की तो चोर नाही, हे शेंबडं पोरही सांगू लागलं. एकदा चहा पिता पिता चोरकाकानंच त्याला सुचवलं, “अहो, ज्याच्यावर कुणी बोट ठेवणार नाही असा माणूस घ्या ना. शोधायला सगळ्यात पुढे धावतो तो. पहिला पुरावाही त्यालाच सापडू दे.” लेखकानं कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघतच राहिला. त्या आठवड्याचा भाग असा काही रंगला की विचारू नका. मदतीला धावणारा, डोळे पुसणारा, मुलीचा रुमाल शोधून देणारा भला गृहस्थ शेवटी भिंतीतून पार झाला तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. मग काय, लेखकाच्या हाती घबाडच लागलं. त्यानं ती युक्ती पार चोथा होईपर्यंत वापरली. वर्षभरात असं झालं की पडद्यावर कुणी ‘चला, मीही येतो शोधायला’ म्हटलं रे म्हटलं की पोरं ओरडायची, “हाच! हाच!”

ती ओरडायची घड्याळजींच्या घरात, कारण गल्लीतला एकुलता एक संच त्यांच्याकडे होता. आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडायची त्यांची मुलगी. दुसरीत होती. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरायची म्हणून तिला भिंगरीच म्हणायचे. चोरकाकाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. लग्न जमता जमता राहिलं आणि मग राहूनच गेलं. या पोरीवर त्याचा जीव होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मालिकेच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाता जाता त्याच्या खिडकीशी थांबायची आणि त्याची उलटतपासणी घ्यायची.

त्या आठवड्याच्या भागात त्यानं एका लहान साक्षीदार मुलीला तिजोरीत कोंडलं होतं. झूलवाल्यानं दार उपटून तिला बाहेर काढलं.

“काका, ती आत गुदमरली नाही?” भिंगरीनं विचारलं.

“गुदमरते कशाची! त्या तिजोरीला पाठच नव्हती. मी मागून पेपरमिंट देत होतो तिला.”

“म्हणजे फसवलंत?”

“धंदाच आहे आमचा.”

ती खिदळत पळाली. यानंही मान हलवली आणि दाढीला बसला.

सुटीच्या दिवशी दुपारी, सगळी गल्ली जेवून आडवी झाली असताना, घड्याळजींची बायको दारोदार विचारत आली, “आमची भिंगरी इकडे आली का?” पहिल्या दोन घरी आवाज साधा होता. चोरकाकाच्या दारी पोहोचेपर्यंत तो चिरकला होता. यानं पायात चपला सरकवल्या. “वहिनी, घाबरू नका. कुठे जाणार ती? मी बघतो.”

आणि तो बघू लागला, त्याच्या स्वभावाप्रमाणे. जिने, गच्च्या, पाण्याची टाकी, बेकरीमागचा बोळ. माणसं वाटून दिली, कुणी कुठे जायचं ते सांगितलं. शाळेच्या भिंतीशी त्याला तिची केसांची निळी फीत सापडली. ती हातात उंच धरून तो आनंदानं ओरडला, “ही बघा! इकडूनच गेली!”

मागे पोरांचा घोळका होता. त्यातल्या एकीनं, अगदी सहज, खेळातल्यासारखं म्हटलं, “काकांनाच सापडणार. पहिला पुरावा नेहमी काकांनाच सापडतो.”

दोन-तीन पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत. इतका वेळ त्याच्याबरोबर चालणारी माणसं जराशी मागे राहिली, एवढं मात्र त्याला जाणवलं. घड्याळजींच्या भावानं त्याच्या हातातून फीत काढून घेतली आणि खिशात ठेवली. “तुम्ही फार धावपळ करताय,” तो म्हणाला. “जरा दमानं घ्या.”

तेवढ्यात पोलीस शिपाई आला. मोठा सभ्य माणूस. “तुमची मालिका बघतो मी. छान काम करता,” म्हणाला, आणि त्याच सुरात पुढे विचारलं, “दुपारी तुम्ही कुठे होता?”

हा प्रश्न त्यानं कितीदा तरी ऐकला होता, आणि दर वेळी उत्तर पाठ होतं. आज दुपारी तो घरात पालथा पडून घोरत होता, दुसरं काय! तेच सांगताना त्याची जीभ अडखळली. खरं बोलताना आपण खोटे दिसतोय, हे त्याला स्वतःला कळत होतं. शिपाई मान डोलावत राहिला.

मग सगळे पुढे निघाले, आणि वाटेत फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचं आवार लागलं. पत्र्याचं कुंपण, फाटकाला कुलूप. मालक सुटीमुळे परगावी गेलेला. कुंपणातला एक पत्रा खालून सुटलेला होता. चेंडू आत गेला की पोरं तिथून सरपटत जायची. पत्र्यांच्या फटीतून आत मोडीत काढलेले तीन-चार जुने फ्रीज उभे दिसत होते. त्या काळचे ते फ्रीज, जाडजूड दाराचे. एकदा खटका बसला की फक्त बाहेरून उघडणारे.

चोरकाकाला खिडकीतलं बोलणं आठवलं. त्या तिजोरीला पाठच नव्हती, असं आपण तिला सांगितलं. हसत हसत सांगितलं.

त्यानं तोंड उघडलं आणि मागे बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. शिपाई, घड्याळजींचा भाऊ, बेकरीवाला. आपण आता ‘इथे बघा’ म्हणालो आणि ती तिथे निघाली तर? तुम्हाला कसं माहीत, हाच पहिला प्रश्न येईल. त्या प्रश्नाला आपल्याकडे काय उत्तर आहे? तिला असल्या जागेची गोडी आपणच लावली, हे? त्यानं स्वतःची समजूत घातली: फाटकाला कुलूप आहे. शिपाई बघेलच सगळीकडे. त्याचं कामच आहे ते. आपण कशाला?

“चला,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे पुढे गेले. हाही गेला. कोपऱ्यावरून मात्र तो घराकडे वळला.

ताई दारातच उभी होती. गल्लीतली कुजबुज तिच्यापर्यंत आधीच पोहोचली होती. “आत ये आणि गप बस,” ती म्हणाली. “तुझी पुढे-पुढे करायची हौस अंगाशी येईल एक दिवस.” तो आत येऊन बसला. तिनं पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरून ठेवलं. बाहेरून हाका ऐकू येत होत्या, आधी जवळून, मग लांबून. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर चढलं. शेवटी त्यानं भांडं खाली ठेवलं आणि उठला. ताईनं दंड धरला तो झिडकारून धावत सुटला. सुटलेला पत्रा उचकटताना तळहात फाटला. पहिला फ्रीज रिकामा होता. दुसराही. तिसऱ्याचं दार उघडलं तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन बसलेली होती, आणि तशीच त्याच्या अंगावर कलंडली.

अंग अजून गरम होतं. तिला दोन्ही हातांवर घेऊन तो रस्त्यात आला तेव्हा ज्याची भीती वाटत होती तेच सगळं झालं. घड्याळजींच्या भावानं पोर हिसकावून घेतली, बेकरीवाल्यानं याला खाली पाडलं, लाथा बसल्या. त्यानं हात वर केला नाही. डॉक्टर आले, वाकले, उठले, आणि कुणाशी तरी हलक्या आवाजात म्हणाले, “थोडं आधी सापडली असती तर...” त्या गोंगाटात ते त्यालाच नेमकं ऐकू आलं.

संध्याकाळच्या आत त्याच्यावरचं किटाळ गेलं. भिंगरीच्या मैत्रिणीनं रडत रडत शिपायाला सांगितलं की त्या दोघी तिजोरी-तिजोरी खेळत होत्या. भिंगरी आपणहून आत बसली, दार आपण लावलं, मग ते उघडेना, आणि मार बसेल म्हणून आपण पळून घरी जाऊन लपलो. शिपायानं चोरकाकाला चौकीतून स्वतः घरी आणून सोडलं. बेकरीवाला येऊन हात जोडून गेला. लोक तर आता उलटंच बोलू लागले: बिचारा संशय अंगावर घेऊनही शेवटपर्यंत शोधत राहिला. बाकी कुणाला सुचलं नाही ते याला सुचलं. हे ऐकलं की तो उठून आतल्या खोलीत जायचा.

मालिका त्यानं सोडली. दिग्दर्शकानं दोनदा माणूस पाठवला, मग नाद सोडला. भिंतीतून पडायला दुसरा कुणीतरी मिळाला असणार. हा एका गोदामात खोकी मोजायला लागला. पोरं त्याला अजून काका म्हणायची, पण आधीचा ‘चोर’ आपोआप गळून पडला होता.

बऱ्याच महिन्यांनी घड्याळजींची बायको त्याच्या दाराशी आली. आत या म्हटलं तरी आली नाही.

“एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “तिथे बघावं, हे तुम्हाला कधी सुचलं?”

शेवटी सुचलं आणि धावलो, असं म्हणायला काहीच हरकत नव्हती. सगळी गल्ली तेच म्हणत होती. तीही तेच ऐकायला आली असेल, कुणी सांगावं. त्यानं चौकट धरली.

“पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हाच, वहिनी.”

“मग?” ती म्हणाली.

“सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, उघडलं आणि ती आत निघाली तर मीच कोंडली म्हणतील. मी कितीही सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता.”

“नसताच ठेवला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “मीसुद्धा नसता ठेवला. पण तुम्ही कशाला सांगायचं होतं, भाऊ? तेव्हा ती जिवंत होती ना. तिनंच सांगितलं असतं, मीच बसले म्हणून.”

ती गेली. तो चौकट धरून तसाच उभा राहिला. एवढी साधी गोष्ट. त्या दुपारी ती त्याच्या डोक्यात आलीच नव्हती.